ऑक्सिजन सत्त्याण्णव होता

एप्रिल २०२१ मध्ये मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लकवा मारला. मी गावची आशा, म्हणजे घरोघर फिरणारी आरोग्य कार्यकर्ती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्याच्या टोकाला, वर्धा नदीच्या अंगाला. त्या दिवसांत माझ्या पिशवीत थर्मल गन, ऑक्सिमीटर, पॅरासिटामॉलची पाकिटं आणि सर्वेचं रजिस्टर कायम असायचं. घरोघर फिरायचं, कोणाला ताप आहे, कोणाला खोकला आहे, ऑक्सिजन किती, हे लिहायचं आणि संध्याकाळी फोनवरून कळवायचं. छातीत दुखतं का, हातपाय लुळा पडला का, हे विचारायला मी भरत होते त्या रजिस्टरात जागा नव्हती.

कोरोनाने गावातले किती गेले ते मोजलं गेलं. कोरोनाच्या भीतीने हार्ट अटॅक आणि लकवा घेऊन घरीच पडून राहिलेल्यांचा हिशेब आमच्याकडे कोणी ठेवला नाही. मामाजींना दवाखान्यात नेताना जे जे घडलं ते मी क्रमाने लिहिते आहे, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टी पुढच्या साथीतही अशाच घडतील अशी मला भीती आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. एप्रिल २०२०, पहिलं लॉकडाऊन. शेजारच्या गल्लीतले एक काका, पन्नाशीचे, ट्रॅक्टरचा धंदा. रात्री जेवल्यावर छाती जड झाली, अंगातून घामाच्या धारा लागल्या. काकूंनी ओवा दिला, मग खायचा सोडा पाण्यात घालून दिला. काका म्हणाले, जाऊ दवाखान्यात. पण जायचं कसं? नाक्यावर पोलीस काठ्या मारतात असे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होते. शिवाय दवाखान्यात गेलं की संशयित म्हणून चौदा दिवस ठेवून घेतात, अशी पक्की समजूत. सकाळी बघू, असं ठरलं. पहाटेच ते गेले. मला कळलं तेव्हा अंगणात माणसं जमली होती, तीही लांब लांब उभी. "झोपेतच गेले," असं आजही गावात सांगतात. ते झोपलेच नव्हते. काकूंनी मला नंतर सगळं सांगितलं: रात्रभर ते खाटेवर बसून होते, डावा हात चोळत होते.

छाती दडपणं, घाम, हात किंवा जबड्यात कळ, एवढ्यावर ईसीजी काढायला हवा. तो पाच-दहा मिनिटांत निघतो. हार्ट अटॅकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दुखायला लागल्यापासून बारा तासांपर्यंत देतात, आणि पहिल्या दोन-तीन तासांत दिलं तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. हे मी आता प्रत्येक घरात सांगते. तेव्हा गावात कोणी छातीबद्दल बोलतच नव्हतं, सगळं बोलणं घशाबद्दल होतं.

मामाजींचा बीपी जुना. महिन्याला तालुक्याला जायचं, गोळ्या आणायच्या, असं वर्षानुवर्षं चाललेलं. मार्च २०२० मध्ये एसटी बंद झाली. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी ऑगस्टात सुरू झाली, पण म्हाताऱ्या माणसांची सवय मोडली ती मोडलीच. दवाखान्यातल्या गर्दीत जाऊन रोग घरी आणायचा का, म्हणून मामाजी एक दिवसाआड गोळी घ्यायला लागले. मी आणून द्यायचे तेव्हा घ्यायचे. पण घरातल्यांना चुकवून गोळी खिशात ठेवायची त्यांची पद्धत होती. धुण्याच्या वेळी बंडीच्या खिशात पांढरी पूड सापडायची. असे किती जण होते! माझ्याच वस्तीत बीपी-शुगरच्या अर्ध्याअधिक लोकांनी त्या वर्षात गोळ्या सोडल्या किंवा तोडून पुरवल्या.

त्या सकाळी मामाजी नेहमीसारखे उठले. गाय पिळली, साडेसहाला दूध संकलनावर जाऊन आले, तिथल्या पोराशी फॅटवरून वाद घातला. सातच्या सुमारास मी चहा दिला. कपातला चहा बशीत ओतताना बशी तिरपी झाली. मला वाटलं, गरम लागलं असेल. मग त्यांनी घोट घेतला आणि चहा उजव्या कोपऱ्यातून गळून सदऱ्यावर आला. त्यांना ते कळलंच नाही. मी म्हणाले, "मामाजी, हसून दाखवा." ओठ एकाच बाजूला गेले. दोन्ही हात वर करा म्हटलं तर डावा वर गेला, उजवा मांडीवरच राहिला आणि ते त्या हाताकडे परक्यासारखं बघत राहिले. बोलायचा प्रयत्न केला, पण जे बाहेर आलं ते शब्द नव्हते.

लकवा आहे हे मला दिसत होतं. घरात ते कोणालाच मान्य नव्हतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "काल भर उनात वावरात फिरले, ऊन लागलं असन." विदर्भातल्या एप्रिलात ही शंका चुकीची म्हणता येत नाही. त्यांनी लगेच कैरी उकडायला घेतली. शेजारची एक बाई कांद्याचा रस घेऊन आली. कोणी तेलाने चोळायला सांगितलं, कोणी लकव्याच्या गावठी औषधवाल्याचा पत्ता दिला. दिराने माझ्या पिशवीतून ऑक्सिमीटर काढला आणि मामाजींच्या त्या लुळ्या बोटालाच लावला. सत्त्याण्णव. नाडी शंभरच्या वर.

"ऑक्सिजन त बरोबर हाय. मंग दवाखान्यात कायले न्याचं?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. दिराचा त्यात दोष नाही. वर्षभर आम्हीच लोकांना शिकवलं होतं की चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर धावा. त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की वर असेल तर धावायचं कारण नाही. कोरोना नसेल तर दवाखान्यात जायची घाई नाही आणि कोरोना असेल तर सांगायचं नाही, या दोन समजुतींच्या मधल्या फटीत हृदयाचे आणि मेंदूचे रुग्ण पडत होते. मामाजीही पडले असते.

घरात खरी भीती वेगळी होती आणि ती आत्याबाई बोलून गेल्या: "तिकडं नेलं का नाकात काडी घालतात, कोरोना काढतात. मंग मानूस दिसत नाई, अन् मेला त पन्नीत बांधून जाळतात." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तालुक्यात त्याच आठवड्यात असं झालं होतं. मी वाद सोडला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

सर पंधरा तास ड्युटी करून झोपले होते, तरी उचलला. त्यांनी जे सांगितलं ते मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. तोंडातून काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, गिळणं बिघडलेलं असतं, श्वासनळीत जाईल. बीपी वाढलेला दिसेल, घरी उतरवायचा नाही. अ‍ॅस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकच्या संशयात ती चघळायला सांगतात, पण लकव्यात नस बंद झाली आहे की फुटली आहे हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि फुटली असेल तर अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढतो. माझ्याकडे आणू नका, ग्रामीण रुग्णालयातही थांबू नका, दोन्हीकडे सीटी नाही. थेट वर्ध्याकडे निघा. शेवटचं नीट कधी दिसले ती वेळ लक्षात ठेवा. लकव्यात तेव्हापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं, त्यानंतर नाही. आणि गेटवर "चक्कर आली" असं सांगू नका. "लकवा आहे, सीटी लागणार," असं सांगा.

डॉक्टरांच्या आवाजाने घर हललं. मिस्टर गाडी बघायला निघाले.

गाडी मिळणं ही सगळ्यात कठीण पायरी ठरली. तालुक्याची रुग्णवाहिका कोविडच्या रुग्णाला घेऊन गेलेली. गावात चारचाकी आहेत, पण पेशंट म्हटलं की प्रत्येकाचं काहीतरी निघायचं. एकाने चावी हरवली म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, कोरोना नाही असं लिहून द्या. ज्यांच्या लग्नात मामाजींनी पंगती वाढल्या त्यांनी दार उघडलं नाही. एका तासाहून जास्त वेळ यात गेला. शेवटी भाजीपाला नेणाऱ्या एका पोराने त्याचा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, काढला. मागे गादी टाकली, वर ताडपत्री बांधली. मामाजींना कुशीवर निजवलं, म्हणजे लाळ आत जाणार नाही. मी आणि दीर मागे बसलो. उन्हाने पत्रा इतका तापला होता की गादीच्या बाहेर हात ठेववत नव्हता. मामाजी डाव्या हाताने माझा पदर ओढत होते, काहीतरी सांगायचं होतं त्यांना.

वर्धा नदीच्या पुलावर जिल्ह्याची हद्द. ब्रेक द चेनचे निर्बंध लागू होते, पोलीस गाड्या अडवत होते. त्यांनी ताडपत्री उचलून पाहिलं, फोनवर आलेली डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली आणि सोडलं. ज्या नाक्याच्या धाकाने काका रात्रभर घरी बसले होते, तसाच नाका आम्ही एका मिनिटात ओलांडला.

वर्ध्यात आधी एका खासगी रुग्णालयात गेलो, कारण ते रस्त्यावर होतं आणि तिथे सीटी होता. काउंटरला प्लास्टिकचा पडदा. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "आरटीपीसीआर आहे?" तो रिपोर्ट यायला त्या दिवसांत दोन-दोन दिवस लागायचे. मी म्हणाले, लकवा आहे. तो म्हणाला, आधी फ्लू ओपीडीत दाखवा, निगेटिव्ह आले तर बघू. त्या ओपीडीच्या रांगेत ऑक्सिजनसाठी ताटकळलेली माणसं उन्हात बसलेली. एक बाई सिलिंडरच्या नळीला हात लावून नवऱ्याच्या शेजारी उभी होती. मी त्यांच्या पुढे घुसू कशी, आणि मागे थांबू कशी? काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. त्याचे दोन फोन सतत वाजत होते आणि तो प्रत्येकाला "बेड नाही" एवढंच सांगत होता. पण तिथे आमचा पाऊण तास गेला.

मग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे वळलो. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन आहेत, दोन्हीकडे कोविडचे विभाग चालू होते. त्यांपैकी आम्ही कुठे गेलो ते लिहीत नाही. गेटजवळ तंबू होता. मी डॉक्टरांनी शिकवलेलं वाक्य गार्डला म्हटलं. त्याने शिट्टी मारली, स्ट्रेचर आलं. नातेवाईक एकच आत, असा नियम. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही जा, तुम्हाले समजते." आणि मी वळणार तेवढ्यात हळूच म्हणाला, "वेळ साडेसात सांगा ना."

साडेचार तासांचं गणित त्यानेही ऐकलं होतं. दुधाच्या वेळेपासून मोजलं तर अकराला मुदत संपत होती. अकरा वाजून गेले होते.

पीपीई किटमधल्या सिस्टरने स्ट्रेचरवरच मामाजींच्या नाकातून अँटिजेनचा नमुना घेतला. त्याचा निकाल यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तो येईपर्यंत तिने आम्हाला थांबवलं नाही. वॉर्डबॉयने स्ट्रेचर सरळ सीटीकडे ढकललं, तपासणी आणि स्कॅन बरोबरच चाललं. मला त्या दिवशी ही एकच गोष्ट शंभर टक्के बरोबर झालेली दिसली. संसर्ग आहे असं धरून किट घालायचं आणि उपचार सुरू करायचे. आधी रिपोर्ट आणि मग माणूस, हा क्रम मेंदूला परवडत नाही. मेंदूची मोठी नस बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. आमच्या पाऊण तासाचा गुणाकार मी कधी केला नाही.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. डावीकडची एक नस गुठळीने बंद, म्हणून उजवा हात, पाय आणि बोलणं गेलेलं. तरुण डॉक्टर होते, चेहऱ्यावरच्या शील्डवर आतून वाफ धरलेली. त्यांनी विचारलं, "शेवटचे नीट कधी होते? नक्की?"

मी साडेसहा सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि समजावून सांगितलं. ते इंजेक्शन वेळेत दिलं तरी शंभरात पाच-सहा जणांच्या मेंदूत रक्त फुटू शकतं. वेळ टळली की धोका वाढत जातो आणि फायदा घटत जातो. खोटी वेळ सांगितली असती तर मी मामाजींना कदाचित त्याच खोलीत गमावलं असतं. हे मला पटतं. तरीही बाहेर येऊन दिराला सांगताना मला रडू आवरलं नाही. आम्ही औषधाच्या दारापर्यंत पोचलो होतो.

नस मोठी असती तर तार घालून गुठळी काढायला नागपूरला पाठवलं असतं, तशी गरज नव्हती. अँटिजेन निगेटिव्ह आली. मामाजींना कोविड नसलेल्या वॉर्डात घेतलं. चमचाभर पाणी पाजून गिळता येतं का ते आधी पाहिलं. ठसका लागला म्हणून नाकातून नळी टाकली. अ‍ॅस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी हळूहळू खाली आणणं, आणि दुसऱ्याच दिवसापासून फिजिओथेरपी.

वॉर्डात एक गोष्ट खटकली. बाहेर एका खाटेसाठी माणसं हातापाया पडत होती आणि या वॉर्डात खाटा रिकाम्या होत्या. मी सिस्टरला विचारलं. त्या म्हणाल्या, "एरवी इथे खाली गाद्या टाकाव्या लागतात. मागच्या वर्षीपासून लकव्याचे पेशंट कमीच येतात. येतात ते तीन-चार दिवसांनी, अंगठा उचलत नाही तेव्हा."

नंतर मी याबद्दल मिळेल ते वाचत गेले. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने देशातल्या १८७ रुग्णालयांची माहिती गोळा केली होती. २०२० च्या पहिल्या लॉकडाऊनच्या काळात हार्ट अटॅकच्या भरतीत आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ३५ टक्के घट होती. इंग्लंडमध्ये २०१९ साली आठवड्याला सरासरी ३,०१७ हृदयरुग्ण भरती व्हायचे, मार्च २०२० संपताना ते १,८१३ वर आले. अमेरिकेत लकव्यासाठी होणाऱ्या मेंदूच्या स्कॅनचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घसरलं. तिथे रस्ते आहेत, रुग्णवाहिका आहेत, नाक्यावर काठ्या नाहीत. तरी माणसं घरी बसली. म्हणजे आमच्या गावच्या अडचणी बाजूला काढल्या तरी भीती उरतेच.

काही जण म्हणतात, लॉकडाऊनमध्ये दगदग कमी, धूर कमी, म्हणून अटॅकच कमी आले असतील. थोडं तसं असेलही. पण इटलीतल्या लोम्बार्डी भागात त्याच काळात दवाखान्याबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना ५८ टक्क्यांनी वाढल्या. हा आकडा वाचला तेव्हा मला खाटेवर बसून हात चोळणारे काका दिसले. दवाखान्यात न आलेले सगळेच बरे नव्हते. उलट कोरोना झालेल्यांच्या रक्तात गुठळ्या होण्याचं प्रमाण जास्त, म्हणजे धोका वाढलेला आणि येणारे घटलेले.

मामाजी घरी आले तेव्हा चालायला आधार लागत होता आणि शब्द अर्धे निघत होते. फेरतपासणीला जाणं शक्य नव्हतं, म्हणून फिजिओथेरपीच्या मॅडमनी फोनवर व्हिडिओ पाठवले. ते बघून मी आणि आत्याबाई त्यांचा हात हलवायचो. डब्याची झाकणं उघडणं, तुरीचे दाणे वेचणं, धोतराची गाठ. गाठ अजून जमत नाही. गावाने मात्र ठरवून टाकलं होतं की त्यांना कोरोनाच झाला होता. कित्येक दिवस आमच्या घरचं दूध संकलनावर घेतलं नाही. दुसरी अफवा अशी की लसीने लकवा आला. त्यांनी तोवर लस घेतलीच नव्हती. नंतर डॉक्टरांना विचारून घेतली, मी स्वतः केंद्रावर नेलं. ते तिथे बसलेले दिसले म्हणून आणखी काही म्हातारी माणसं आली.

दीर आणि मी त्या वेळेबद्दल कधी बोललो नाही. मात्र ऑक्सिमीटर आता तोच लोकांना लावून देतो आणि वर सांगतो की तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं किंवा छाती दडपली तर हा आकडा बघत बसू नका.

उपकेंद्राच्या भिंतीवर मी एक कागद लावला आहे. चोवीस तास सीटी कुठे होतो, ईसीजी कुठे निघतो, आणि रात्री-बेरात्री, साथ असो नसो, गाडी काढतील अशा माणसांचे फोन नंबर. पहिला नंबर छोट्या हत्तीवाल्या पोराचा आहे. ग्रामसभेत मी बाकीच्या गाडीवाल्यांचीही नावं मागितली. साथ असली तरी येऊ, असं म्हणून आणखी दोघांनी दिली. इतरांना विचारणं चालू आहे.